मुलगी जी.एस.ला उभी राहते म्हणतेय, घरच्यांनी काय करावं?

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाचा निकाल 6 नोव्हेंबर 2025 रोजी लागला. चारही मुख्य पदं डाव्या आघाडीकडे गेली. अध्यक्षपदी अदिती मिश्रा, उपाध्यक्षपदी के. गोपिका, सरचिटणीसपदी सुनील यादव आणि सहसचिवपदी दानिश अली. आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यातलं शेवटचं नाव तेवढं फिरलं. फोटो, गुलाल, खाली "माशाअल्लाह". त्याच्या आधी एप्रिल 2025 च्या निवडणुकीत मुंतेहा फातिमा सरचिटणीस झाली, तेव्हाही असंच झालं होतं.

आनंद होणं साहजिक आहे. पण त्या ग्रुपांमधल्या किती घरांनी आपल्या स्वतःच्या पोराला किंवा पोरीला कॉलेजात साधं सीआर व्हायला सांगितलं असेल? आमच्याशी बोलणाऱ्या पालकांचा सूर बहुतेक वेळा उलटाच असतो. "बेटा, आपल्याला शिकायला पाठवलंय, लीडरी करायला नाही." दुसऱ्याचं पोरगं निवडून आलं की मुबारकबाद, आणि आपलं पोरगं फॉर्म भरायला निघालं की घरात तीन दिवस अबोला. या अबोल्यामागे भीती आहे आणि ती सगळी खोटी नाही. म्हणून हा मामला नीट उलगडून बघायला हवा.

आधी महाराष्ट्रापुरतं बोलू. आज चाळिशी-पन्नाशीच्या आत असलेल्या बहुतेक पालकांनी कॉलेजात खरी निवडणूक पाहिलेलीच नाही. त्याच्या आधीच्या पिढीला मात्र जी.एस., यू.आर., एल.आर. हे शब्द आजही आठवतात. पॅनेल पडायची, मोटारसायकलींच्या रॅली निघायच्या, मुलं पळवून गावाबाहेरच्या फार्महाऊसवर नेऊन ठेवायचे. मारामाऱ्या तर ठरलेल्याच. 1989 मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या एनएसयूआयच्या तरुण नेत्याचा कॉलेज निवडणुकीच्या वैरातून खून झाला आणि सगळं राज्य हादरलं. पुढे 1993-94 च्या सुमारास सरकारने थेट निवडणुका बंद केल्या. 1994 च्या विद्यापीठ कायद्यात वर्गाचा प्रतिनिधी मार्कांवर ठरू लागला. मागच्या परीक्षेत जो पहिला, तो सीआर. त्याला वर्गातल्या पोरांनी विचारलं काय आणि नाही विचारलं काय, सारखंच. या सीआरमधून मग सचिव निवडायचा. कागदावर विद्यार्थी परिषद जिवंत राहिली, पण गॅदरिंगचा मंडप आणि सत्काराचे हार यापलीकडे तिच्याकडे फारसं काम उरलं नाही.

मग आला महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016. त्याच्या कलम 99 मध्ये विद्यार्थी परिषदेच्या निवडणुका परत आणल्या गेल्या. कॉलेजच्या परिषदेत अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि एक राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी, हे पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलामुलींच्या मतांनी निवडायचे. त्याशिवाय प्रत्येक वर्गाचा एक प्रतिनिधी. एनएसएस, एनसीसी, खेळ आणि सांस्कृतिक विभागातून काही जण नेमलेले. कॉलेजांमधून निवडून आलेले पुढे विद्यापीठाच्या परिषदेसाठी मत देणार, आणि तिथला अध्यक्ष नि सचिव थेट विद्यापीठाच्या अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये बसणार. फी, परीक्षा, वसतिगृह, बजेट यांवर जिथे चर्चा होते तिथे विद्यार्थ्याची खुर्ची. कायदा म्हणून वाईट नाही.

पण कायदा आला आणि निवडणूक आली नाही. 2019 मध्ये वेळापत्रकापर्यंत गाडी पोहोचली होती. विधानसभेच्या निवडणुका तोंडावर आल्या आणि कॉलेजच्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. मग कोरोना आला. त्यानंतर दरवर्षी विद्यार्थी संघटना निवेदनं देतात, मंत्री "विचार करू" म्हणतात आणि जून-जुलै उलटून जातो. आमचं स्पष्ट मत असं की आता हिंसाचाराची भीती हे कारण राहिलेलं नाही, तो बहाणा झाला आहे. ज्या राज्यात ग्रामपंचायतीपासून साखर कारखान्यापर्यंत दर महिन्याला कुठे ना कुठे मतदान चालू असतं, तिथे अठरा वर्षं पूर्ण झालेला मुलगा आमदार निवडू शकतो आणि कॉलेजचा सचिव निवडू शकत नाही, हे कुणाला पटेल?

याच महाराष्ट्रात काही आवारं वेगळी आहेत. पवईच्या आयआयटीत विद्यार्थी जिमखान्याचे जनरल सेक्रेटरी मतदानानेच निवडले जातात, उमेदवारांना सगळ्यांसमोर उभं करून प्रश्न विचारले जातात आणि तिथे कुणाचं डोकं फुटत नाही.

आता आपल्या समाजाकडे येऊ. आपली पोरं बाहेर शिकायला जातात ती मुख्यतः अलिगढ, जामिया, हैदराबाद आणि थोडी जेएनयूत. यातल्या पहिल्या दोन ठिकाणांशी आपलं भावनिक नातं आहे. पण नेमक्या याच दोन ठिकाणी विद्यार्थी संघ गप्प आहे.

अलिगढच्या युनियनचा इतिहास सर सय्यद यांच्या हयातीत सुरू झाला. 1884 मध्ये कॉलेजचे प्रिन्सिपल सिडन्स यांच्या नावाने वादविवादाचा क्लब निघाला, त्यातून पुढे युनियन उभी राहिली. महात्मा गांधींना 1920 मध्ये तिचं सन्माननीय आजीव सदस्यत्व दिलं गेलं. आरिफ मोहम्मद खान 1970 च्या दशकात याच युनियनचे अध्यक्ष होते. एवढी जुनी परंपरा, आणि शेवटची निवडणूक झाली ती 2018 मध्ये. त्यानंतर आधी कोरोना, मग वातावरण, मग आणखी काही. ऑगस्ट 2025 मध्ये फीवाढीवरून विद्यार्थी रस्त्यावर बसले, तेव्हा फी कमी करा या मागणीच्या बरोबरीने युनियनची निवडणूक घ्या ही मागणीही पुढे आली. हे दोन विषय एकमेकांना का चिकटले, हे समजायला अवघड नाही. फी वाढवायच्या आधी कुणाशी बोलावं असा निवडून आलेला माणूसच आवारात नसेल, तर बोलणी होणार ती गेटवर, पोलिसांच्या समोर.

जामियाचा मामला त्याहून जुना. 2006 मध्ये तिथला संघ बरखास्त झाला आणि पुन्हा निवडणूक झाली नाही. म्हणजे आज जामियात पहिल्या वर्षाला शिकणारी मुलगी तेव्हा जन्मलेलीही नसेल किंवा पाळण्यात असेल. फेब्रुवारी 2025 मध्ये तिथे आंदोलन केल्याबद्दल विद्यार्थ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने काही जणांच्या निलंबनाला स्थगिती दिली. मुद्दा कुणाची बाजू बरोबर हा नाही. संघ असता तर ती मुलं आपलं म्हणणं मांडायला संघाकडे गेली असती. संघ नाही म्हणून त्यांना वकिलाकडे जावं लागलं. दिल्लीत वकिलाचा खर्च काय असतो हे मालेगाव, परभणीच्या बापाला विचारा.

अल्पसंख्याक समाजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थांत निवडणूक बंद आणि जिथे आपण मूठभर आहोत त्या जेएनयूत चालू, हे चित्र आपल्याला खुपलं पाहिजे. सरकारकडे बोट दाखवणं सोपं आहे. पण आपल्याच समाजाने चालवलेली महाराष्ट्रातली कॉलेजं आणि ट्रस्टसुद्धा विद्यार्थी परिषदेबद्दल फार उत्सुक नसतात, हे आम्ही पाहिलंय. ट्रस्टींना शांतता हवी असते. शिस्त, निकाल, नॅकची ग्रेड, बस. परिषद असेल तर कॅन्टीनचा ठेका, प्रयोगशाळेतलं सामान, मुलींच्या टॉयलेटचं पाणी यावर प्रश्न येतील. ते कुणाला नको असतात, सांगायची गरज नाही.

जेएनयूची पद्धत मात्र समजून घेण्यासारखी आहे. तिथे निवडणूक विद्यार्थ्यांचीच समिती चालवते. मतदार सात-नऊ हजारांच्या घरात. मतदानाच्या आधी अध्यक्षपदाच्या उमेदवारांची जाहीर वादफेरी होते. आधी भाषण, मग उमेदवार एकमेकांना प्रश्न विचारतात, मग श्रोते उमेदवारांना. रात्र उलटून जाते. त्या मैदानात नुसता पैसा कामाला येत नाही, कारण माईकसमोर पैसा बोलत नाही. अपवाद आहेत, भांडणं तिथेही होतात, मतमोजणी थांबते, आरोप होतात. तरी गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत तिथून जी माणसं निघाली त्यांची यादी मोठी आहे. सीताराम येचुरी, प्रकाश करात ही नावं सगळ्यांना माहीत. आणीबाणीच्या काळात अध्यक्ष असलेले डी. पी. त्रिपाठी पुढे राष्ट्रवादी काँग्रेसकडून महाराष्ट्रातूनच राज्यसभेवर गेले, हे कमी लोकांच्या लक्षात असतं. आपल्या समाजातले शकील अहमद खान 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे अध्यक्ष झाले आणि पुढे बिहारमध्ये काँग्रेसचे आमदार. त्याच दशकाच्या अखेरीला अध्यक्ष झालेले सय्यद नासिर हुसेन आज कर्नाटकातून राज्यसभेत आहेत.

या नावांतून एक गोष्ट दिसते आणि ती आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जेएनयूत मुस्लिम उमेदवार मुस्लिम मतांवर निवडून येत नाही, येऊच शकत नाही. तेवढी मतंच नाहीत. मुंतेहा फातिमाला एप्रिल 2025 मध्ये पंधराशेच्या आसपास मतं पडली आणि जिंकल्या त्या शंभरपेक्षा थोड्याच जास्त फरकाने. ती पंधराशे मतं बिहारी, बंगाली, मल्याळी, दलित, आदिवासी, ब्राह्मण सगळ्यांची होती. ती मिळाली वसतिगृह, स्कॉलरशिप, लायब्ररी, मेसचं जेवण या विषयांवर. आपल्या घरात वाढलेल्या मुलाला हा अनुभव दुसरीकडे कुठे मिळणार? मोहल्ल्यात तो मोहल्ल्याचा, नातेवाइकांत तो नातेवाइकांचा. कॉलेजात मत मागायला गेला की पहिल्यांदा त्याला कोल्हापूरच्या पाटलाच्या पोराला आणि नांदेडच्या कांबळेच्या पोरीला सांगावं लागतं की मी तुझ्यासाठी काय करीन. आणि त्यांना पटवावं लागतं.

काही जण म्हणतील, हे सगळं ठीक, पण आपली पोरं कॉलेजात आहेतच किती? प्रश्न रास्त आहे. 2011 च्या जनगणनेत देशात मुस्लिमांचं प्रमाण 14.2 टक्के, महाराष्ट्रात 11.54 टक्के. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण पाहणीत 2020-21 साली कॉलेजात शिकणाऱ्यांमध्ये मुस्लिम होते 4.6 टक्के. त्याच्या आदल्या वर्षी 21 लाख मुलं होती, ती 19 लाखांच्या जरा वर येऊन थांबली. पुढच्या वर्षी आकडा परत 21 लाखांवर गेला, पण टक्का पाचाच्या खालीच राहिला. या मुलांत मुली जवळपास निम्म्या आहेत, हे मात्र आवर्जून सांगायला हवं. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर आम्हीच विश्वास ठेवला नसता.

आता उमेदवाराने काय बघायचं ते. देशभरातल्या विद्यार्थी निवडणुकांना आज लिंगडोह समितीचे नियम लागू होतात. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने मे 2006 मध्ये अहवाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी तो लागू करायला सांगितला. यातले काही नियम आपल्या मुलांना जास्त टोचतात, आणि ते आधी माहीत नसतात म्हणून ऐनवेळी फॉर्म बाद होतो.

पहिला वयाचा. पदवीच्या मुलाला 17 ते 22, पदव्युत्तरला जास्तीत जास्त 24-25, संशोधन करणाऱ्याला 28. आता आपल्याकडे बारावीनंतर काही वर्षं गॅरेजवर, दुकानात, यंत्रमागावर किंवा गल्फमध्ये काढून मग कॉलेजात परत येणारी मुलं किती आहेत! ती तेविसाव्या वर्षी एसवायला असतात. अभ्यासात चांगली, जगाचा अनुभव इतरांपेक्षा जास्त, बोलायला धीट. आणि नेमकी तीच अपात्र. हा नियम लिहिताना समितीच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं कॉलेजात तळ ठोकणारे दादा लोक होते, कष्टकरी घरातली मुलं नव्हती. आमच्या मते यात बदल मागायला हवा आणि तो मागणाऱ्यांत आपल्यासोबत बहुजन समाजातल्या संघटनाही येतील, कारण त्यांच्या मुलांचंही हेच दुखणं आहे.

दुसरा हजेरीचा. 75 टक्के किंवा विद्यापीठाने ठरवलेली हजेरी, दोन्हींपैकी जी जास्त ती लागते. त्या वर्षी मागचा विषय राहिलेला नको, म्हणजे एटीकेटी असेल तर विसरा. पार्ट-टाइम नोकरी करणाऱ्याला हे जड जातं. दूरशिक्षणवाल्यांना तर उभंच राहता येत नाही.

तिसरा नियम घरच्यांच्या भीतीशी जोडलेला आहे. ज्याच्यावर कसलाही फौजदारी खटला चालला किंवा विद्यापीठाने शिस्तभंगाची कारवाई केली, तो उमेदवार होऊ शकत नाही. म्हणजे आंदोलनात सापडून एक कारवाई पदरी पडली की नेतृत्वाचा रस्ता बंद. प्रशासनाच्या हातात हे फार मोठं हत्यार आहे आणि ते कुणावर जास्त चालतं हे आपण सगळे जाणतो. म्हणून आमचं सांगणं असं असतं की कारणे दाखवा नोटीस आली तर पोराने ती गादीखाली दडवू नये आणि बापाने ती वाचून पोराला मारू नये. मुदतीत लेखी उत्तर द्यायचं, पोच घ्यायची, प्रत ठेवायची. उत्तर दिलं नाही म्हणून एकतर्फी कारवाई होते, आणि ती आयुष्यभर फाइलमध्ये राहते.

चौथी गोष्ट पैशाची. एका उमेदवाराला खर्चाची मर्यादा 5000 रुपये. छापील पोस्टर चालत नाही, हाताने काढलेलंच लावायचं, तेही ठरलेल्या जागी. निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब द्यायचा. राजकीय पक्षाकडून पैसा घ्यायचा नाही. हे कागदावर. दिल्ली विद्यापीठात काय होतं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. गाड्यांचे ताफे, भिंतीच्या भिंती रंगवलेल्या. 2024 मध्ये तर उच्च न्यायालयाने सांगितलं की आधी भिंती साफ करा, मग मतं मोजा. सप्टेंबरात झालेल्या मतदानाची मोजणी त्यामुळे नोव्हेंबरच्या अखेरीस झाली. पुढच्या वर्षी उमेदवारांकडून एक लाख रुपयांचा बॉण्ड लिहून घेतला गेला. ज्यांनी भिंती रंगवल्या त्यांना लाख रुपये म्हणजे काहीच नाही. बिचारा साधा मुलगा मात्र बॉण्ड हा शब्द ऐकूनच माघार घेतो.

आणखी एक नियम आपल्या मुलांनी पाठ करावा. जात किंवा धर्माच्या नावाने मत मागता येत नाही, आणि मशीद, मंदिर, कुठलंही प्रार्थनास्थळ प्रचारासाठी वापरता येत नाही, मग ते आवारात असो वा बाहेर. जुम्याच्या नमाजनंतर दारात उभं राहून पत्रकं वाटणारा उत्साही दोस्त उमेदवाराची उमेदवारी घालवू शकतो. दोस्ताला नीट समजावून सांगा.

महाराष्ट्रात उद्या निवडणूक लागली तर एक वाट आपल्याकडे फार कुणाला माहीत नाही. राखीव प्रवर्गाची जी एक जागा आहे, ती अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त-भटके आणि ओबीसी यांच्यात आळीपाळीने फिरते. बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. छप्परबंद विमुक्त जातींत आहेत. ज्या वर्षी पाळी येईल त्या वर्षी या घरातल्या मुलामुलींना त्या जागेवर हक्काने उभं राहता येईल, अट एकच, कागद तयार हवेत. जातीचा दाखला काढलाय पण व्हॅलिडिटी अडकली आहे, अशी घरं आमच्या ओळखीतच डझनभर निघतील. ॲडमिशनसाठी नाही तर नाही, निदान यासाठी तरी ती फाइल पुढे सरकवा.

मुलींबद्दल वेगळं बोलायलाच हवं, कारण वर शीर्षकात मुलगी आहे आणि ते उगाच नाही. महिला प्रतिनिधीची जागा कायद्यात आहे. त्या जागेसाठी घरातून परवानगी मिळायला फारशी अडचण येत नाही, असा अनुभव बऱ्याच मुली सांगतात. "मुलींच्या कामासाठी आहे ना, मग ठीक." अडचण येते ती मुलगी अध्यक्ष किंवा सचिव पदाचं नाव काढते तेव्हा. संध्याकाळी उशीर होणार, मुलांशी बोलावं लागणार, फोटो फिरणार, उद्या स्थळ बघायला आलेले लोक काय म्हणतील. यातला फोटोंचा मुद्दा खरा आहे. मोबाइलच्या जमान्यात मुलीचा फोटो घाण मजकूर लावून फिरवणं हे विरोधकाला पाच मिनिटांचं काम झालंय, आणि मुस्लिम मुलीच्या बाबतीत ते दोन्ही बाजूंनी होतं. बाहेरचे तिच्या हिजाबवर बोलतात, आतले हिजाब नसण्यावर. पण याला उत्तर म्हणून मुलीला घरी बसवणं आम्हाला मान्य नाही. सायबर पोलिसांकडे तक्रार करायला बाप सोबत गेला तर मुलीला जे बळ येतं, ते कुठल्या पॅनेलने येत नाही. उशिराचं म्हणाल तर प्रचाराचे दिवस मोजके असतात. उमेदवारी अर्जापासून निकालापर्यंत सगळी प्रक्रिया दहा दिवसांत संपवावी असं लिंगडोह समितीच म्हणते. लग्नघरात आपण याहून जास्त दिवस रात्री जागतो.

आणि भाऊ असेल तर त्याला सांगा, बहिणीची हाताने काढलेली पोस्टरं चिकटवायला जा म्हणून.

राजकीय पक्षांबद्दल मात्र सावध राहायला हवं. निवडणूक नसतानाही पक्षांच्या विद्यार्थी शाखा कॉलेजात फिरत असतात आणि मुस्लिम पोरगा जरा बोलका दिसला की त्याला अल्पसंख्याक सेलचं पद देतात. लेटरहेड, गाडीवर स्टिकर, नेत्यासोबत फोटो. पोराला वाटतं आपण मोठे झालो. पण विद्यार्थ्यांच्या फीचा, परीक्षेचा, निकालाच्या गोंधळाचा प्रश्न आला की त्या पदाला काडीची किंमत नसते. पक्षात जायचं तर खुशाल जावं, ते वाईट नाही. पण आधी सगळ्या वर्गाची मतं घेऊन सीआर व्हावं आणि मग पक्षाच्या दारात जावं. मग पक्ष त्याला सेलमध्ये बसवताना दोनदा विचार करील.

सरकारने निवडणुका घेतल्या नाहीत तरी काही गोष्टी आजही हातात आहेत. कायद्यानुसार कॉलेजात परिषद स्थापन होणं अपेक्षित आहे. ती या वर्षी झाली का, कशी झाली, तिच्या किती बैठका झाल्या, हे प्राचार्यांना लेखी विचारता येतं. अनुदानित कॉलेज असेल तर माहितीच्या अधिकारातही विचारता येतं, अर्जाला दहा रुपये लागतात. पुढच्या जूनमध्ये ॲडमिशनची पावती हातात आली की त्यावर जिमखाना फी आणि विद्यार्थी कल्याण निधी अशा नावाच्या ओळी शोधा. त्या रकमेला वर्गातल्या, मग कॉलेजातल्या मुलांच्या संख्येने गुणा. जो आकडा येईल तो कुणाच्या सल्ल्याने कुठे खर्च होतो, हा प्रश्न घेऊन चार वेगवेगळ्या घरांतली चार मुलं प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेली, आणि त्यातली एक आपली मुलगी असली, तर तिला जाऊ द्या.